वहीतली मतं आणि ग्रुपवरचे सर

नमस्कार,
मी कराडची. पतसंस्थेत काउंटरवर बसते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा वाचनालयाची वर्गणी भरली आणि मिळेल ते वाचत सुटले. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, भुताच्या गोष्टी, अनुवाद, काही वर्ज्य नाही. वाचून झालं की एका वहीत दोन-चार ओळी लिहिते. ग्रंथपाल मॅडमनी वही पाहिली आणि वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितलं. टाकलं. लोकांना मजा वाटली. मग ग्रुपवरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं, "ग्रंथाविषयी बोलायचं तर अभ्यास लागतो. ही मतं नव्हेत, जेवणानंतरच्या गप्पा आहेत." त्याला पुष्कळांनी अंगठे दिले, त्यात माझी नणंदही होती. तेव्हापासून मी गप्प आहे. आता मॅडम म्हणतात, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोला. वहीच्या काही पानांचे फोटो सोबत पाठवते. मी बोलावं का? आधी समीक्षा वाचायला हवी का? नावाजलेलं पुस्तक मला आवडलं नसेल तर खोटं बोलावं का? आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचा हक्क असतो का?
— वहीवाली

वहीवाली ताई,

बोला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे आणि ते तुम्हालाही ठाऊक असणार, नाहीतर वहीचे फोटो पाठवले नसतेत. बाकीच्या प्रश्नांसाठी मात्र वही उघडावी लागेल. त्यातलं काही ऐकून तुम्हाला बरं वाटेल, काही ऐकून नाही.

वाईट नोंदीपासून सुरुवात करते. 'स्वामी'बद्दल तुम्ही लिहिलंय, "ओघवती भाषा, जिवंत व्यक्तिचित्रण. ऐतिहासिक कादंबरीचा उत्तम नमुना." ताई, हे तुमचं नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरून किंवा कुणाच्या तरी भाषणातून ते वहीत शिरलंय. 'स्वामी' काढून तिथं दुसरी कुठलीही ऐतिहासिक कादंबरी ठेवा, ओळीतला एक शब्द बदलावा लागणार नाही. रणजित देसाईंनी 1962 साली थोरल्या माधवरावांवर लिहिलेली ही कादंबरी तुम्ही वाचलीत की नुसतीच परत केलीत, हेसुद्धा त्यावरून कळत नाही. आणि गंमत अशी, की तुम्ही पाठवलेल्या पानांत सरांना अजिबात खटकली नसती अशी नोंद ही एकच.

आता 'मृत्युंजय'. "रात्री जागून वाचलं. कर्णासाठी रडले. पण एक सांगू का, कर्ण बोलतो तसंच कुंती बोलते आणि तसाच दुर्योधनही बोलतो. सगळ्यांना उपमांची भारी हौस. मधलंच पान उघडलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही." याला गप्पा म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे. शिवाजी सावंतांनी ती कादंबरी मुद्दाम वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितली आहे. कर्ण आहे, कुंती आहे, दुर्योधन, वृषाली, शोण, आणि शेवटी कृष्ण. ज्या पुस्तकाची सगळी उभारणीच 'आता हा सांगतोय, आता ती सांगतेय' यावर आहे, तिथं आवाज वेगळे ऐकू येत नाहीत ही तक्रार अगदी मर्मावर बोट ठेवते. तुम्ही रडलात हेही लपवलं नाहीत. रडणं खरं आणि तक्रारही खरी. कार्यक्रमात बोलताना यातलं एक गाळून दुसरं ठेवायचा मोह होईल, तो टाळा.

या नोंदीखाली मी तुम्हाला एक पुस्तक जोडून देते. 'मृत्युंजय' आलं त्याच 1967 साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. म्हणजे एकाच वर्षात मराठी वाचकाला दोन कर्ण मिळाले. सावंतांचा कर्ण तुम्हाला रडवतो. इरावतीबाई त्याच कर्णाला समोर बसवून जाब विचारतात. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो काय बोलला, हे त्या त्याला विसरू देत नाहीत. बाई साहित्याच्या प्राध्यापक नव्हत्या, डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवायच्या. महाभारतातल्या माणसांबद्दल त्या असं बोलतात, की जणू ती त्यांच्या नात्यातली आहेत: हा असा का वागला, हिला त्या वेळी काय वाटलं असेल, याचं नेमकं कुठं चुकलं. पण त्यांच्या हाताशी भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती होती, आणि मूळ संहितेत काय आहे नि मागाहून काय चिकटलं आहे हे तपासायची सवयही होती. 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार 'युगान्त'ला मिळाला.

म्हणजे सरांचं अर्धं बरोबर आहे. अभ्यास लागतो. पण तो मत सुचण्यासाठी लागत नाही, सुचलेलं मत टिकतं का हे पाहण्यासाठी लागतो. तुम्हाला कर्ण आणि कुंती एकाच आवाजात ऐकू आले. आता पुस्तक पुन्हा काढा, दोघांचं एकेक पान शेजारीशेजारी वाचा आणि खरंच तसं आहे का ते पाहा. कदाचित एखाद्या निवेदकाचा आवाज वेगळा निघेल, मग वहीत दुरुस्ती करा. तुमच्यापुरता समीक्षेचा अभ्यास तूर्त एवढाच. वेगळी जाडजूड पुस्तकं आणून आधी ती संपवायची आणि मग तोंड उघडायचं, असं ठरवलंत तर 15 ऑक्टोबर कधीच उजाडणार नाही.

खोटं बोलावं का, हा प्रश्न तुम्ही बहुधा 'कोसला'मुळे विचारला असावा. नोंद अशी: "सुरू केली, ठेवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा ठेवली. पांडुरंगाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. बापाने पैसे पाठवायचे आणि याने तिकडे हे उद्योग करायचे! पण मनी गेली ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना सारख्या चुकत होते." (मनी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण.) ही नोंद वाचून मी वही बाजूला ठेवली आणि चहा करून घेतला, इतकी ती मला आवडली. सांगवीसारख्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकराची ही कादंबरी 1963 ची. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. ज्यांनी ती डोक्यावर घेतली ते बहुतेक वाचक पांडुरंगाच्याच वयाचे होते आणि त्यांनी ती हॉस्टेलच्या खोलीत बसून वाचली. त्यानंतर 'कोसला'बद्दल मी जे काही वाचलंय, त्यातलं बरंचसं त्याच खोलीतून लिहिलेलं आहे. तुमची मुलगी बाहेरगावी शिकतेय आणि पैसे तुम्ही पाठवता. तुम्ही ती कादंबरी पैसे पाठवणाऱ्याच्या बाजूने वाचलीत. त्या बाजूने पाहिलं की पांडुरंगाचा बाप, जो एरवी नुसता खलनायक वाटतो, तो जरा वेगळा दिसायला लागतो. हे सभेत सांगा. खोटं बोलायची गरजच काय?

फक्त एक काळजी घ्या. पांडुरंग आवडला नाही असं म्हणणं वेगळं आणि 'कोसला' वाईट आहे असं म्हणणं वेगळं. तो सगळ्यांना आवडावा यासाठी लेखकाने फारशी खटपट केलेली दिसत नाही. तुमच्या नोंदीत पहिलं आहे, दुसरं नाही. माईक हातात आल्यावर माणूस उगाच एक पायरी वर चढतो, तेवढं चढू नका.

नावाजलेल्या पुस्तकांबद्दलची तुमची भीती 'ययाति'च्या पानावरही दिसते. तिथं "सुविचार फार. पानापानावर फळ्यावर लिहिण्यासारखं एक तरी वाक्य" असं लिहून तुम्ही कंसात "पण ज्ञानपीठ आहे" असं जोडलंय. तो कंस खोडा. मराठीला पहिलं ज्ञानपीठ 1974 साली 'ययाति'मुळेच मिळालं हे खरं. पण खांडेकरांच्या अलंकारिक, सुभाषितवजा लिहिण्यावर त्यांच्या हयातीतच समीक्षकांनी टीका केली होती. पुरस्काराने ती टीका पुसली गेली नाही. टीकेमुळे वाचकही कमी झाले नाहीत, तमिळ आणि गुजरातीत त्यांना घरच्या लेखकासारखं वाचलं गेलं. तुम्ही एका जुन्या, चांगल्या चाललेल्या भांडणात नकळत सामील झाला आहात, एवढंच.

आता जिथं मला पटलं नाही ते.

'श्यामची आई': "लहानपणी रडले होते. आता वाचवत नाही. आई म्हणून वाचलं की सारखं अपराधी वाटतं, आपण कुठे अशा." भावना समजते, आणि ती तुमची एकटीची नक्कीच नाही. त्या पुस्तकाने दोन-तीन पिढ्यांच्या आयांना उगाच रांगेत उभं केलंय. पण तो दोष पुस्तकाचा किती आणि ते मातृदिनाला वाटणाऱ्यांचा किती? साने गुरुजींनी ते फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. वय तेहेतीस. आई जाऊन पंधरा वर्षं होऊन गेलेली. तुरुंगात बसलेला मुलगा नसलेल्या आईला आठवतोय, आयांनी कसं वागावं याची नियमावली तो लिहीत नाहीये. आणि ती आई काही सदासर्वकाळ मऊ नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर धाडते. पुन्हा वाचायचं असेल तर ते प्रकरण आधी वाचा, अपराधीपणा जरा उतरेल. नाही वाचलंत तरी बिघडत नाही, पण नोंदीत "आपण कुठे अशा" म्हणून तुम्ही थांबला आहात, तिथं ती ओळ पुरी करा.

'द अल्केमिस्ट'ची नोंद, "वाचताना छान वाटलं, आठवड्याने काही आठवेना", पुरेशी आहे. त्यात भर घालू नका.

'सेपियन्स'बद्दल मात्र थोडं जास्त बोलायचंय, कारण अर्धवट वाचण्याचा प्रश्न तिथला आहे. तुम्ही ते शेतीच्या प्रकरणानंतर सोडलंत आणि लिहिलंत, "हा माणूस सगळं स्वतः पाहिल्यासारखं बोलतो. गव्हाने माणसाला पाळलं म्हणतो. राग आला. मग विचार केला, गव्हाच्या जागी ऊस घातला तर आमच्या तालुक्याचाच इतिहास." पहिल्या वाक्यात कंटाळा आणि शेवटच्या वाक्यात ही उडी! युव्हाल नोआ हरारी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इतिहास शिकवतात. पुस्तक आधी हिब्रूत 2011 साली आलं, मग इंग्रजीतून जगभर गेलं. शेतीक्रांतीला ते इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक म्हणतात. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की गव्हाला पाणी हवं, राखण हवी, तण काढायला माणूस हवा, आणि यापायी भटकणारा माणूस एका जागी खिळला, जास्त राबला आणि वाईट खाऊ लागला. कृष्णाकाठी राहणाऱ्या बाईने त्यात ऊस घालून पाहिला, तर तोडीची वाट, पाण्याची पाळी, कारखान्याची तारीख हे सगळं आपोआप त्या मुद्द्यात येऊन बसतं. हे हरारींना सुचण्याचं कारण नव्हतं. तुम्हाला सुचलं. आणि तिथंच तुम्ही पुस्तक मिटलंत!

तर हक्काचं उत्तर: अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल जरूर बोला, पण कुठवर वाचलंत ते आधी सांगा. "शेतीच्या प्रकरणापर्यंत वाचलं" एवढी ओळ घातली की तुमचं मत प्रामाणिक होतं. ती न घालता "हा माणूस सगळं ठाऊक असल्यासारखं बोलतो" असं अख्ख्या पुस्तकावर ठोकलंत, तर सरांचं म्हणणं खरं ठरेल. आणि सोडण्याची लाज बाळगू नका. वाचनालयाचं पुस्तक आहे, परत द्या, कुणीतरी त्याची वाट बघत असेल.

'रुचिरा'ची नोंद ग्रुपवर टाकल्यावर सरांनी हसण्याचं चिन्ह पाठवलं होतं, असं तुम्ही कोपऱ्यात लिहून ठेवलंय. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 चं. लग्न होऊन परगावी किंवा परदेशी गेलेल्या किती मुलींच्या सामानात ते होतं! त्याचं खरं श्रेय मापात आहे. "अंदाजाने" हा स्वयंपाकघरातला जुना अधिकार त्या बाईंनी वाटी-चमच्यात उतरवला, त्यामुळे सासू शेजारी नसली तरी पदार्थ जमू लागला. तुम्ही लिहिलंय, "अनारसे फसले. पुस्तक बरोबर होतं, पीठच नीट आंबलं नव्हतं." पुस्तक पडताळून पाहून, दोष कुणाचा हे ठरवून लिहिलेली नोंद पाठवलेल्या पानांत ही एकच आहे. नारायण धारपांच्या भयकथांच्या पुस्तकांवर तुम्ही वर्तमानपत्राचं कव्हर घालता म्हणे. काढून टाका. 2018 च्या 'तुंबाड' सिनेमाने भयाची प्रेरणा धारपांकडून घेतली आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून उचललं. ज्यांनी तो डोळे विस्फारून पाहिला, त्यांनी वरचं कपाट आणि खालचं कपाट असा भेद केला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर तुम्ही पान भरून लिहिलंय, तरी मला आवडली ती शेवटची ओळ. "टिळकांना चांगलं खडसावावं असं वाटतं, पण बाई स्वतःच त्यांना हसून घेतात, मग मी मध्ये बोलणारी कोण." लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नारायण वामन टिळकांसारखा कवी नवरा, हातातलं कुणालाही देऊन टाकणारा, न सांगता निघून जाणारा, 1895 साली ख्रिस्ती झालेला. दुसऱ्या कुणी या संसाराची नुसती रडकथा केली असती. बाईंनी 1934 पासून भागाभागांनी जे प्रसिद्ध केलं त्यात दुःख झाकलेलं नाही, पण हसू त्याच्या आधी येतं. अभ्यास नाही म्हणून बोलू नये असा नियम त्यांना लावला असता, तर मराठी गद्याचं किती नुकसान झालं असतं याचा विचार सरांनी एकदा करावा. तुम्ही मात्र एक करा. बाई जिथं हसल्या आहेत तिथं त्यांना खरोखर हसू आलं होतं का, की मागाहून लिहिताना आलं, हे मनात ठेवून पुस्तक पुन्हा वाचा. तुमच्या "मी कोण"ला उत्तर मिळेल.

आता त्या रिकाम्या पानाबद्दल. वर 'बलुतं', दया पवार, वाचल्याची तारीख, आणि खाली काही नाही. पत्रात मात्र तुम्ही लिहिलंय: "कौतुक केलं तर कौतुक करणारी मी कोण, आणि वाईट वाटलं म्हणावं तर ते फार सोपं होतं. आमच्या वाड्यात आजी वरून भाकरी टाकायची. ते आठवलं आणि पेन चालेना."

ताई, नोंद झाली आहे. ती वहीत न पडता पत्रात पडली, एवढाच फरक. 1978 साली 'ग्रंथाली'ने काढलेलं हे पुस्तक मराठीतलं पहिलं दलित आत्मकथन म्हणून ओळखलं जातं. ते उघडलंत तेव्हा पाहिलं असेल, दया पवार सरळ "मी" म्हणून सुरू करत नाहीत. दगडू मारुती पवार आणि शहरात स्थिरावलेला, लिहिणारा दया पवार असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात आणि एक दुसऱ्याला सांगतो. गावकी, बलुत्यातला हिस्सा, मुंबईची कावाखाना ही वस्ती, आई, आणि स्वतःच्या वागण्याची लाजही. हे सगळं एका सुरात सांगणं लेखकालाही जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा वाचणाऱ्याचं पेन अडलं तर त्यात नवल नाही. वाडा तुमच्या बाजूला होता, म्हणून त्या पुस्तकातली भाकरी तुम्हाला वरून दिसली. तुमच्या आजीचा हात तुम्ही ओळखलात. ही ओळख कुठल्याही "दलित साहित्याचे योगदान" छापाच्या वाक्यापेक्षा जड आहे, आणि ती लिहायला हवी.

मात्र 15 तारखेला व्यासपीठावरून ती सांगू नका, असं मला वाटतं. सभेत अशा कबुलीला टाळ्या पडतात, टाळ्या पडल्या की सांगणाऱ्याला हलकं वाटतं, आणि समोर बसलेल्यांपैकी ज्यांची आजी त्या भाकरीच्या खालच्या बाजूला उभी होती, त्यांना काय वाटतं हे कुणी विचारत नाही. वहीत लिहा. कधी योग्य माणूस समोर आला तर वाचून दाखवा.

सरांचं काय करायचं? ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथं दिलेलं उत्तर ते वाचतील आणि बाकीचे फक्त कोण जिंकलं ते मोजतील. त्याऐवजी त्यांना गाठून एक खरा प्रश्न विचारा. तुमच्या वहीत जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'काजळमाया'वर लिहिलंय, "कळलं नाही. पण सोडवत नाही. काहीतरी वाईट होणार हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं." (या 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. "पण अकादमी आहे" असा कंस घालायची सोयही त्यांनी ठेवली नाही.) सरांना विचारा, जी.ए. वाचायला कुठून सुरुवात करावी? चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ते खुलतील. माझं उत्तर हवं असेल तर 'काजळमाया'च्या आधीचे संग्रह घ्या, 'पारवा' किंवा 'हिरवे रावे'. त्यांत घरं आहेत, भावंडं आहेत, धारवाड-बेळगावकडचे वाडे आणि त्यात कुढणारी माणसं आहेत. नंतरच्या कथांमधले राजे, विदूषक आणि प्रवासी त्याच घरांमधून बाहेर पडले आहेत, हे मग उमगत जातं. सरांचं उत्तर वेगळं असेल तर मला कळवा.

नणंदेचा अंगठा पुस्तकांबद्दलचा नाही. त्यावर हे सदर काही करू शकत नाही.

कार्यक्रमाचं सांगते. दहा मिनिटांत तीन पुस्तकं पुष्कळ झाली. पैसे पाठवणाऱ्याच्या बाजूने वाचलेली 'कोसला', उसाचं 'सेपियन्स' आणि 'रुचिरा' घ्या. 'मृत्युंजय'ची तक्रार राखून ठेवा, त्या एका पुस्तकावर गावातले अर्धे लोक तुमच्याशी भांडतील आणि वेळ पुरणार नाही. वही हातात धरा आणि लिहिलंय तसंच वाचा, त्याचं भाषण करू नका. "मी काही अभ्यासक नाही, चूकभूल द्यावी घ्यावी" अशी सुरुवात करू नका. "वाचाल तर वाचाल" हे वाक्य त्या दिवशी तुमच्या आधी दोघे तरी बोललेले असतील, तेव्हा तेही सोडा. प्रत्येक पुस्तकातला एखादा छोटा उतारा वाचून दाखवा आणि त्यावर तुमची नोंद. लोकांना पुस्तकाचा आवाज ऐकू आला की तुमचा पटतो किंवा पटत नाही, पण निदान दोन्ही आवाज त्यांच्या कानांवर पडतात. उतारे घरी मोठ्याने वाचून पाहा, 'कोसला'तल्या काही जागा डोळ्यांनी वाचताना सोप्या वाटतात आणि तोंडाने म्हणताना दमवतात. मनीचा भाग सभेत वाचायला घेऊ नका.

वहीत यापुढे पानाचा आकडा आणि आवृत्ती लिहीत जा. "ते बहीण गेली ते पान" असं शोधत बसलात की मधली चार पानं पुन्हा वाचून होतात. ते वाईट नाही, पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री वेळ नसतो. आणि 'युगान्त' किंवा 'हिरवे रावे' तुमच्या वाचनालयात नसतील तर मॅडमना नुसतं तोंडी सांगू नका, सूचनावहीत नाव, लेखक आणि प्रकाशक लिहून खाली सही करा. शासनमान्य वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानातला काही भाग पुस्तकखरेदीवर खर्च करावाच लागतो, आणि खरेदीची यादी करायला बसलं की लेखी मागणी हाताशी असते.